लाल डगल्यातली भुतं आणि हिंदूरावांचा वाडा



व्याख्यानमालेत भुतांच्या सिनेमावर बोलायचं म्हटल्यावर काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण ‘बेताल’विषयी इथे, दिल्लीच्या रिजवरच्या हिंदूरावला, बोलायचं नाही तर कुठे?

२४ मे २०२० ला, आपण सगळे टाळेबंदीत कोंडलेले असताना, ‘बेताल’ नेटफ्लिक्सवर आली. म्हणायला चार भागांची मालिका, प्रत्यक्षात ताणलेला चित्रपट. महामार्गासाठी आदिवासींचं गाव उठवायचंय, आणि वाटेत शापित बोगदा आहे. निमलष्करी तुकडी तो उघडून देते आणि आतून १८५७ मधली कंपनी सरकारची पलटण निघते. मेलेली, तरी बंदुका झाडणारी! वाचलेली माणसं एका पडक्या इंग्रजी बराकीत आसरा घेतात आणि मग जीव जगवायची धडपड.

नटसंच पाहा. विनीत कुमार सिंह, आहाना कुमरा, सुचित्रा पिल्लै, मंजिरी पुपाला, आपला जितेंद्र जोशी. पॅट्रिक ग्रॅहमच्या जोडीला दिग्दर्शनात निखिल महाजन. आणि पदरात काय पडतं? बरं म्हणावं इतपत. हळद, मीठ, राख... भुतं कशाने अडतात हे पात्रं आपल्याला समजावून सांगतात. नियम कळला की निम्मी भीती तिथेच उतरते. विनीत कुमारच्या चेहऱ्यावर जुन्या अपराधाचं ओझं स्पष्ट दिसतं, पण त्या ओझ्यापाशी थांबायला पटकथेला सवड नाही. जितेंद्रचा कंत्राटदार पहिल्या प्रसंगापासूनच लबाड. मग नटाने पुढे करायचं काय?

याच महाजन आणि जोशींनी ‘गोदावरी’ केला. जितेंद्रला २०२१ च्या इफ्फीत सर्वोत्तम अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला, महाजनांना दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक. तिथे भूतबीत काही नाही. नाशिक आहे, नदी आहे, घरातली माणसं आहेत आणि दाराशी आलेलं मरण आहे. तेव्हा दोष नटांच्या पदरात घालू नका.

आता आपण जमलोय ती ही रिजची टेकडी आणि तिच्यावरचं हिंदूराव हे नाव. कागलच्या सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, ते हे हिंदूराव. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला, त्यानंतर त्याचा इथला बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या उठावाआधीच ते वारले. नाव मात्र वास्तूला चिकटलं, आणि पुढे रुग्णालयालाही.

८ जून ते १४ सप्टेंबर १८५७. दिल्लीला वेढा घालायला आलेले इंग्रज या रिजवर स्वतःच वेढल्यासारखे अडकले. हिंदूरावांचा वाडा हे आघाडीचं ठाणं. मेजर चार्ल्स रीडची सिरमूर गुरखा पलटण आणि ६० वी रायफल्स तिथे होत्या. शहराच्या तटावरून तोफा डागल्या जात, हल्ले पुन्हा पुन्हा येत. वर उन्हाळा, मग पावसाळा आणि पटकी. सेनापती बर्नार्ड ५ जुलैला पटकीनेच गेला. सिरमूर पलटणीच्या ४९० जणांपैकी ३२७ मेले किंवा जखमी झाले. गंमत म्हणजे या दोन्ही पलटणींचा गणवेश लाल नव्हता, गडद हिरवा होता. ‘बेताल’ला मात्र १८५७ म्हणजे लाल डगला, एवढंच पुरतं. वेढ्यात माणूस काय खातो, कुणावर विश्वास ठेवतो, शेजारच्याला हगवण लागली की त्याच्याकडे कसा बघतो, हे त्या बराकीत कुठेच नाही. गुरखे आणि गोरे तीन महिने एका छपराखाली, समोर कालपर्यंत याच कंपनीचे असलेले शिपाई! यापेक्षा भयंकर कथावस्तू कुठली?

आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ (२०२२) काही थोर चित्रपट नव्हे. विनोद पुष्कळदा पोरकट आहे. पण त्यात भूतबाधा दूषित पाण्यातून येते आणि टॉवरवाले व झोपडपट्टीवाले समोरासमोर उभे राहतात. त्यामुळे डोंबिवलीकराला ती गोष्ट आपली वाटते. म्हणून माझ्या हिशेबी तो ‘बेताल’पेक्षा दोन बोटं वर.

‘बेताल’ विनीत कुमारसाठी एकदा बघा, दुसऱ्यांदा नको. आणि दिल्लीत मराठी नाटकं बसवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे: हिंदूरावांच्या वाड्यातल्या त्या तीन महिन्यांवर दोन अंकी संहिता लिहा. भूत नसलं तरी चालेल.