शिवाराची पाहणी आपणच करू

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे भाव आहे, वीज आहे, कर्ज आहे. त्यात पाखरे, किडे आणि बांधावरची फुले कशाला, असे काही जणांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सरळ देऊ.

ज्याच्या हाती कागद, त्याचे म्हणणे खरे. हे आपण तलाठ्याच्या दप्तरापुढे उभे राहून शिकलो. वर्षानुवर्षे पीकपाहणी चावडीत बसून झाली. शेतात कापूस आणि उताऱ्यावर ज्वारी, हे आपल्याला नवे नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. तिच्या अडचणी वेगळ्या, पण तत्त्व बरोबर आहे : ज्याचे शेत, त्याची नोंद. हेच तत्त्व शिवारातल्या पाखरांना, माश्यांना, झाडोऱ्याला लावायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

आता मनातली भीती बोलून दाखवू. "दुर्मीळ पाखरू वहीत लिहिले की सरकार जमिनीवर आरक्षण टाकेल!" ही भीती हवेतली नाही. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावेच्या गावे, पिकाखालच्या जमिनी आल्या. बंधनांविरुद्ध लोक वर्षानुवर्षे भांडले, तेव्हा कुठे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. आणि माळढोक? तोही आज नान्नजच्या माळावर क्वचितच दिसतो. शेतकरी अडकला आणि पाखरूही वाचले नाही.

पण यातून धडा कोणता घ्यायचा? वही कोरी ठेवायची? वही कोरी होती म्हणून काही रेघ थांबली नाही. माळढोक कोणत्या माळावर उतरतो, कोणत्या महिन्यात उतरतो, कोणत्या शिवारात कधीच येत नाही, याची तारीखवार नोंद गावोगावी असती, तर रेघ ओढणाऱ्याला जाब विचारता आला असता. ज्याच्याजवळ नोंद नाही, त्याला फक्त आरडाओरडा करता येतो.

दुसरे उदाहरण हळदीचे. जखमेवर हळद दाबायची, हे आपल्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. तरी १९९५ साली अमेरिकेत त्याच गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते लढवले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कशाच्या जोरावर? जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले म्हणून. दुसऱ्या देशातले तोंडी ज्ञान तेव्हाचा अमेरिकी कायदा पुरावा मानत नव्हता. आजीला ठाऊक होते, हे तिथे चालले नाही. कागदच लागला.

आणि रोजच्या हिशेबातही ही वही कामाची आहे. डेंगळ्याचा कांदा लावणाऱ्याला विचारा. गोंडे भरून आले आणि माशी फिरकली नाही, तर बी भरत नाही. सूर्यफुलाला माशी कमी पडली की हाताला मऊ कापड गुंडाळून फुलाफुलावरून फिरवावे लागते. माशी जे काम फुकट करत होती, त्याला मजुरी द्यावी लागते. आग्या, सातेरी, फुलोरी यांपैकी कोणती माशी कोणत्या आठवड्यात कोणत्या फुलावर होती, हे लिहिलेले असेल, तर फवारणी कधी टाळायची ते कळेल. करावीच लागली तर संध्याकाळी, माशी परतल्यावर. हरभऱ्यात पक्षीथांबे लावायला कृषी खाते सांगते. त्यांवर कोतवाल बसला की साळुंकी, अळी कोणी उचलली, हे पाहिले कोणी? आपणच पाहू शकतो.

आता रीत. फाल्गुन-चैत्र हा सुरुवातीला चांगला काळ. पळस, पांगारा फुललेले असतात, कडुनिंब मोहरू लागतो, रान उघडे असल्याने पाखरू लवकर नजरेस पडते. गावठाणापासून ओढा, बांध, पडीक आणि माळ अशी दोन किलोमीटरची एकच वाट ठरवा. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला उजाडताच निघा. अमावास्येला अनेक गावांत औत बंद असतेच. चौघे पुरे : एक जाणता, एक शाळकरी पोर लिहायला आणि दोन बाया. बाया असायलाच हव्यात. पाथरी, घोळ, तांदुळजा कुठे उगवतो आणि कुठून नाहीसा झाला, हे खुरपणाऱ्या हाताला जास्त ठाऊक.

वहीत पाच गोष्टी लिहा : दिवस आणि वेळ, शेताचे गावातले नाव, जीवाचे किंवा फुलाचे गावातले नाव, किती दिसले आणि काय करत होते. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका. पाहिलेले वेगळे आणि ऐकलेले वेगळे. दिसले नाही, तर तेही लिहा. नीलपंख तारेवर बसत होता, यंदा एकदाही बसला नाही, ही मोठी नोंद आहे. २०२३ च्या देशातील पक्ष्यांच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून घेतला गेला. नीलपंख घटत चालल्याचे त्यातूनच समोर आले. त्या नोंदींत आपल्या शिवाराच्या किती?

कायदाही आपल्या बाजूने वापरता येतो. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे गावाची समिती असायला हवी आणि लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही व्हायला हवी. ग्रामसभेत ती मागा, मोठ्याने वाचून घ्या. न विचारता लिहिलेली असेल, तर आपली वही शेजारी ठेवून दुरुस्ती मागा. आपल्या वहीची एक प्रत गावातच राहील, हे पाहा. वैदूचा उपाय त्याच्या संमतीशिवाय लिहू नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने चार फेऱ्यांची वही आणावी. भावाची मागणी सोडायची नाही. पण उद्या आपल्या शिवाराबद्दल कोणी काही ठरवू लागला, तर पहिला कागद आपला असला पाहिजे.