मासिक बदललं की प्रेम बदलतं

(परळ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय आहे ‘जपानी मांगातील प्रेमकथा’. पुढच्या दोन रांगांतली मुलं त्यासाठी आलीत, मागच्या रांगा पंख्यासाठी. (हशा) मला मात्र एकच गोष्ट सांगायची आहे. प्रेमकथा लेखक लिहीत नाही, मासिक लिहितं. लेखक फक्त सही करतो.

मांगा म्हणजे चित्रकथा, शोनेन मुलग्यांसाठीची आणि शोजो मुलींसाठीची, हे या मुलांना पाठ आहे. बाकीच्यांनी अधिक खोलात जायचं तर घरी जाऊन नातवाला विचारावं. मी थेट रुमिको ताकाहाशी यांच्याकडे येतो. १९७८ साली त्यांनी मुलग्यांच्या ‘शोनेन संडे’ साप्ताहिकात ‘उरुसेई यात्सुरा’ सुरू केली. परग्रहावरची लम आतारू नावाच्या पोराच्या मागे लागते, तो पळत सुटतो, आणि १९८७ साली कथा संपते तरी पठ्ठ्या ‘माझं प्रेम आहे’ एवढं म्हणत नाही! १९८० साली याच बाईंनी मोठ्यांच्या ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’मध्ये ‘मेझोन इक्कोकु’ सुरू केली. तिथे नायिका तरुण विधवा, भाड्याच्या खोल्यांची व्यवस्था बघणारी. नायक प्रवेशपरीक्षेत गटांगळ्या खाणारा भाडेकरू. तीही १९८७ सालीच संपली, पण लग्न होऊन, कडेवर मूल घेऊन. लेखिका तीच आणि वर्षंही जवळजवळ तीच. बदलला तो वाचक. शाळकरी पोराला पळापळ पुढच्या आठवड्यातही हवी असते. नोकरीच्या खटपटीत असलेल्याला भाडं, पगार, सासरा यांतून वाट काढणारं प्रेम हवं असतं.

तिसऱ्या रांगेतले काका मान हलवताहेत. कलावंताचं स्वातंत्र्य कुठे गेलं, असंच ना? काका, स्वातंत्र्य आहे, पण ते संपादकाच्या टेबलावरून जातं. आपल्याकडे वेगळं काय होतं? १९५१ साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ हा दिवाळी अंक काढला. त्यातली खिडकीचित्रं आठवा. पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून काहीतरी भलतंच दिसतंय असं वाटतं, पान उलटावं तर अगदी सोज्वळ मामला. दिवाळी अंक आजोबांपासून नातीपर्यंत सगळं घर वाचतं. अशा घरासाठी चावटपणा असाच बेतावा लागतो, वाचणाऱ्याच्या डोक्यात चावट आणि कागदावर सोवळा.

आणि हे सोवळं ज्यांना नको होतं, त्यांच्यासाठी ‘रंभा’ मासिक होतं. आमच्या लालबागच्या चाळीत ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून फिरायची. म्हणजे कव्हर घातलेला अंक ‘रंभा’च, हे चाळीला माहीत! (हशा) १९६२च्या तिच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या बायका, एवढाच ऐवज. पुण्याच्या एका गृहस्थांनी अंक वाचला, अश्लील ठरवला आणि खटला भरला. मॅजिस्ट्रेटांनी सोडलं. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरून दंड केला पंचवीस रुपये. हो, पंचवीसच. काकोडकर त्या पंचवीस रुपयांसाठी दिल्लीपर्यंत गेले! दंड कितीका असेना, कपाळावरचा शिक्का त्यांना नको होता. २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं.

त्या निकालात न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी माझाच मुद्दा मांडतात असं मी समजतो. वकील मंडळी असतील तर त्यांनी रागावू नये. न्यायमूर्तींनी विचारलं, हे पुस्तक कुठल्या वर्गाच्या हाती पडणार आणि त्या वर्गावर काय परिणाम होणार? एखादा सुटा माणूस बिघडेल की काय, यावर निकाल लावायचा नाही. नुसता लैंगिक उल्लेख अश्लील मानला तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, असंही म्हणाले. आणि जाता जाता, कथा वाङ्मय म्हणून फार उच्च दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वता दिसत असेल, असा शेराही मारला. म्हणजे काकोडकर सुटले, पण परीक्षण वाईट आलं! (प्रचंड हशा)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, माझे प्रेमकथांचे कादंबरीकार ना. सी. फडके राहिले, ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक राहिलं! १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ते आलं तेव्हा लिहिणारी बाई कोण, याचा शोध घेण्यात अर्धा महाराष्ट्र गुंतला. नायिका नायकासाठी सजवलेली नसून स्वतःसाठी तळमळते, हे फडक्यांच्या वाचकाला पचणारं नव्हतं. दुसरी चिठ्ठी आली. बरं.

एक मागणं मागून थांबतो. माळ्यावर ‘रंभा’, ‘नवल’, ‘मोहिनी’ असे जुने अंक असतील तर लाजेखातर रद्दीत घालू नका. वाङ्मयीन मासिक म्हणून ‘सत्यकथा’ जपणारे पुष्कळ आहेत, या अंकांना कोणी वाली नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी विचारा. हवं तर कव्हर घालून न्या.