सातासमुद्रापलीकडचा संसार

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका खेडेगावच्या शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



मिशनरी म्हटला की आपल्याकडे दोनच बोल ऐकू येतात. एक म्हणतो, हे लोक धर्म बुडवावयास आले. दुसरा म्हणतो, हे देवदूतच होते. धर्माचा वाद आज आम्ही बाजूस ठेवतो. ज्याचा धर्म त्याला लखलाभ. पण हे लोक येथे एकटे आले नाहीत, बायकामुलांसह आले. त्यांची चूल कशी पेटत होती, त्यांच्या घरी पाळणा कसा हालत होता, त्या संसाराची किंमत कोणी भरली, हे आपण कधी विचारले नाही. मुंबईच्या व नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या आधाराने आज तेवढेच सांगावयाचे आहे.

अमेरिकेतील या मिशनमंडळाची स्थापना १८१० साली झाली. १८१२ च्या फेब्रुवारीत पहिली मंडळी गलबतात बसली. त्यांत हॅरिएट न्यूएल नावाची मुलगी होती. लग्न होऊन पुरता पंधरवडाही झाला नव्हता. चार महिने समुद्रावर काढून ती नवऱ्याबरोबर कलकत्त्यास पोहोचली, तो कंपनी सरकारने हुकूम काढला की चालते व्हा. दोघे मॉरिशस बेटाकडे निघाली. वाटेत समुद्रावरच ती बाळंत झाली, मूल गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी त्या बेटावर तीही गेली. वय अवघे एकोणीस. आपल्या घरची पहिलटकरीण माहेरी येते तेव्हा आई तिला हंड्याला हात लावू देत नाही. हिच्या उशाशी आई नव्हती, सुईण ओळखीची नव्हती, पायाखाली जमीनसुद्धा नव्हती. तिचा नवरा पुढे मुंबईस आला आणि १८२१ साली पटकीने वारला.

गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्यांनी मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या, पुस्तके रचली. १८२५ साली त्यांची बायको प्रकृतीसाठी दोन मुलगे घेऊन अमेरिकेस निघाली. थोरला मुलगा वाटेतच वारला. हॉल कामासाठी मागे राहिले. पुढल्या वर्षी ते नाशिककडे दौऱ्यावर गेले, तेथे पटकीची साथ होती. जवळचे औषध त्यांनी लोकांना वाटून टाकले. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठले, आणि २० मार्च १८२६ रोजी काही तासांतच त्यांचा अंत झाला. ती बातमी गलबतातून हजारो कोस जाऊन बायकोच्या हाती पडेपर्यंत कित्येक महिने लोटले असतील. तोवर ती बाई नवरा जिवंत आहे असे समजून त्याला पत्रे लिहीत असेल. मायबहिणींनो, ज्यांचे धनी दूर नोकरीला आहेत त्यांनी याचा विचार मनात करून पाहावा.

आता त्यांचा रोजचा दिवस पाहू. पहाटे घरची प्रार्थना, नोकरचाकरांसह. मग नव्या माणसाने पंडितापुढे बसून मराठी घोकावयाची. आपली चौथीची पोरे ळ आणि ल यांत अडखळतात, तर ही मोठी माणसे अनुस्वारापासून सुरुवात करीत. दिवसा शाळा तपासणे, छापखान्याचे खिळे जुळवणे, दारी आलेल्या रोग्यास औषध देणे. हिवाळा लागला की राहुट्या बैलगाडीत घालून गावोगाव हिंडणे. उन्हाळ्यात महाबळेश्वरासारख्या थंड जागेचा आसरा. विलायती पत्र आले म्हणजे घरात सण, आणि त्या पत्रातली खुशाली वाचावयाची तोवर शिळी झालेली.

या सगळ्यात बायकोचे काम काय? पाणी उकळून घेणे, पाव भाजणे, कपडे शिवणे, आजाऱ्याजवळ जागणे, आणि त्यातून वेळ काढून ओसरीवर मुली जमवून त्यांना अक्षरे व शिवण शिकविणे. परपुरुषापुढे आपल्या लेकी बसत नव्हत्या. तेव्हा मुलींपर्यंत जे काही पोहोचले ते बहुतेक या बायांच्याच हातून पोहोचले. १८२४ साली या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. तरी मंडळाच्या वहीत या बाया "सहायक" म्हणून लिहिल्या जात. मिशनरी तो नवरा, पगार त्याच्या नावाचा.

हसू नका, बंधूंनो! कुंभाराच्या घरी माती कोण मळते? विणकराच्या घरी कांड्या कोण भरते? शेतात निंदणी, खुरपणी, वेचणी कोणाच्या हातची? आणि सात-बाऱ्यावर नाव कोणाचे? सातासमुद्रापलीकडून आलेला तो सुधारलेला संसार या एका बाबतीत आपल्याच आळीतला निघाला.

मुलांची कथा आणखी कठीण. दाई, पाणक्या, गाडीवान ही आपली माणसे. त्यांच्या कडेखांद्यावर खेळून साहेबाची पोरे मराठी बोलू लागत. पुढे थोडी मोठी झाली की शिक्षणासाठी त्यांना अमेरिकेस धाडावयाचे. एकदा गलबत सुटले की मायलेकरांची गाठ कित्येक वर्षांनी, किंवा कधीच नाही. डोंगरावरच्या कोडाईकनालला अशा मुलांसाठी शाळा निघाली ती १९०१ साली. रॉबर्ट ह्यूम यांचाच दाखला घ्या. जन्म मुंबईचा, १८४७ चा. १८५४ साली बाप मायदेशी जाताना समुद्रावर वारला, आणि विधवा आईने मुलांना अमेरिकेत वाढविले. तोच मुलगा १८७४ साली पुन्हा या देशी आला व पन्नास वर्षे नगरास राहिला. १८८१ साली त्याचीही पहिली बायको वारली.

सिंथिया फरार या बाईंची गोष्ट वेगळी. लग्न न केलेली ही बाई १८२७ साली मुंबईस आली आणि पुढे नगरास जाऊन मुलींच्या शाळा चालवू लागली. १८६२ साली ती तेथेच वारली. तिच्या शाळा जोतीराव फुले यांनी डोळ्यांनी पाहिल्या, आणि १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यास आपली शाळा काढली. येथे आमच्या जिवाला एक गोष्ट लागते. आमच्या मुलींना दोन अक्षरे सांगावयास कित्येक महिन्यांच्या वाटेवरून परकी बाई आली, आणि चार घरे पलीकडे राहणाऱ्या शास्त्रीबुवांना आळी ओलांडता आली नाही. विद्या होती, वेळ होता, पोथ्या होत्या. नव्हती ती फक्त इच्छा.

म्हणून त्यांचे सगळेच गोड मानावे काय? नाही. ते आले ते आपल्याला आपल्या धर्मात घेण्यासाठी, आणि हा हेतू त्यांनी लपविला नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनने अनाथ पोरे पोसली, सुतारकी व विणकाम शिकविले, ते उपकार खरेच. पण भुकेला माणूस धर्म मनाने बदलतो की पोटाने, हा प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे. बंगल्यात साहेब आणि आवारात चाकर, ही उतरंडही तेथे होतीच. जोतीरावांनी त्यांच्याकडून शाळा घेतली, पण बाप्तिस्मा घेतला नाही. घ्यावयाचे ते पारखून घ्यावे, हा धडा त्यांनी आपल्याला घालून दिला आहे.

मग आपण काय घ्यावे? आम्ही तीनच गोष्टी सांगतो.

पहिली आम्हा शिक्षकांना. ज्या गावची मुले शिकवावयाची त्या गावी बिऱ्हाड करून राहावे. ती माणसे समुद्र ओलांडून बायकामुलांसह येऊन राहिली, आणि आमचा शिक्षक संध्याकाळची पाचची गाडी धरून तालुक्याला पळतो! रात्री कंदिलाखाली जो प्रश्न पोराला पडतो, त्याचे उत्तर पाचच्या गाडीत बसून गेलेले असते.

दुसरी घरच्या कर्त्या पुरुषांना. चळवळीत पडा, गावचे काम करा, पण त्याची किंमत घरात कोण भरते ते पाहा. सभेहून उशिरा येणाऱ्याचे ताट झाकून बसलेली बाईही चळवळच चालविते. तिचे नाव वहीत लिहा, आणि जमिनीच्या उताऱ्यावरही लिहा.

तिसरी मायबहिणींना. ओसरी तुमचीच आहे. आळीतल्या पाच मुली संध्याकाळी बसवून वाचून घ्यावयास मिशनही लागत नाही आणि सरकारचा हुकूमही लागत नाही. एकोणीस वर्षांची पोर समुद्रात उडी घेतल्यासारखी निघाली होती. आपल्याला फक्त उंबरा ओलांडावयाचा आहे.

येत्या सोमवारी ज्यांच्या ओसरीवर वर्ग बसेल त्यांनी आपली नावे आत्ताच सांगावीत. पाटी-पेन्सिल आम्ही आणतो.