चाल उसनी, शब्द कोणाचे?
(केळशी येथील सभेत केलेले भाषण)



गाण्याबजावण्याच्या गोष्टींकरिता सभा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आमचे लोक राजकारण वर्तमानपत्रांतून थोडे व गाण्यांतून फार शिकले आहेत. जोतीरावांनी 1869 साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला तो याच हिशेबाने. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साज उचलला. ढोलकी तीच, शब्द मात्र सावकार-भटजींचे कपट उघडे करणारे. म्हणून आपली पोरे आज सिनेमाच्या चालीवर जाखडीची गाणी बांधतात, याबद्दल आम्ही नाक मुरडणार नाही. चाल उसनी आणावी. शब्द उसने आणले की घात झाला.

जाखडीत शाहीर मध्ये बसतो, पोरे चाळ बांधून भोवती फेर धरतात. शक्तीवाल्याने सवाल टाकला की तुरेवाल्यास जवाब द्यावाच लागतो. न दिल्यास गावभर हसे होते. आता निवडणुकीतील रिक्षा पाहा. कर्णा लावून येते, ओळखीच्या चालीवर उमेदवाराची स्तुती वाजविते व भारजेच्या खाडीकडे निघून जाते. तिला सवाल कोणी करावा?

जुन्या बोलपटांतही सारेच सोने होते असे नव्हे; देवादिकांचे चमत्कार दाखवून पैसा करणारे पुष्कळ होते. परंतु त्यापूर्वीच्या मूक जमान्यात, 1925 साली, बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला आणि कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आणला. 1935 साली प्रभातने एकनाथांवर चित्र काढले. त्याचे नाव ‘महात्मा’ होते. इंग्रजांच्या सेन्सॉरास ते खुपले व ‘धर्मात्मा’ करावे लागले. सरकार परके होते, असे म्हणून आपण ते सोडून देऊ.

पण पुढे काय? 1954 साली अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला, त्यास राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आणि 2025 साली ‘फुले’ हे हिंदी चित्र आले, तेव्हा प्रमाणन मंडळाने महार, मांग, पेशवाई हे शब्द काढण्यास सांगितले. तीन हजार वर्षांच्या गुलामगिरीच्या जागी ‘कित्येक वर्षे’ म्हणावयास लावले. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले आणि 11 एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीस, यावयाचे चित्र 25 एप्रिलला आले. जोतीरावांच्या चरित्रातून जातींची नावे गाळली तर ते भांडले कोणाशी? वाऱ्याशी?

त्याच्या एक वर्ष आधी, 2024 च्या निवडणुकीत, एका पक्षाच्या मशालगीतातून ‘हिंदू’ व ‘जय भवानी’ हे शब्द गाळा, अशी नोटीस निवडणूक आयोगाने काढली. आम्ही त्या पक्षाचे वकील नव्हे. मते मागताना धर्माचे नाव घेऊ नये हा नियमही आम्हांस मान्य आहे. मात्र तो सर्व पक्षांना एकाच मापाने लागला पाहिजे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने खोती भोगली आहे. अर्धेल, वेठ हे शब्द तुमच्या आज्यांना ठाऊक होते. डॉ. आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोतीविरुद्ध बिल आणले, कायदा 1949 चा. आज किती शाहिरांच्या वह्यांत खोत हा शब्द उरला आहे? तो तर कोण्या मंडळाने काढला नाही. मंडळाच्या कपड्यांना व वाद्यांना वर्गणी देणारा उमेदवार समोर खुर्चीवर बसला की तो आपोआप गळतो.

सबब आमची विनंती एवढीच. येत्या गणपतीत प्रत्येक मंडळाने एक तरी सवाल गावचा टाकावा: शाळेत मास्तर किती, एस.टी. वेळेवर येते काय, उन्हाळ्यात वाडीवर पाणी कोणी आणले, तरुण मुंबईस का गेला. चाल हवी ती घ्या. वर्गणी देणाऱ्यासही पहिल्या रांगेत बसवा, पानसुपारी द्या, आणि जवाब दिल्यावाचून त्यास फेराबाहेर जाऊ देऊ नका.