नाडी आणि खाडा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून, किरकोळ काटछाट करून.)



पत्रिकेवर विषय छापलाय, 'बरं नसताना व्यायाम करावा का?' माझ्याकडे याचं उत्तर एका आकड्यात आहे. माझ्या दवाखान्याची पायरी ज्यांनी चढलीय त्यांना तो आकडा कुठला ते ठाऊक आहे. (हशा) हसले ते सगळे माझे पेशंट.

व्यायामाचं महत्त्व सांगायला मी उभा नाही. सज्जनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना समर्थांची बलोपासना काय सांगायची? औंधच्या पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार, टिळकांनी तब्येत कमावण्यात घालवलेलं कॉलेजचं वर्ष, तुम्हाला सगळं पाठ आहे. वाग्भट मात्र आपण सोयीनं विसरतो. तो म्हणतो, व्यायाम अर्ध्या शक्तीनं करा, तोही थंडीत आणि वसंतात. बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी. आणि अजीर्ण झालेल्यानं तर करूच नये. म्हणजे 'आज नको' म्हणायची परवानगी हजार वर्षांहून जुनी आहे.

आता अलीकडचं. १९९३ साली रँडी आयकनर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी खेळाडूंसाठी एक सोपा नियम मांडला. मान ही सीमारेषा धरा. नाक गळतंय, शिंका येताहेत, घसा खवखवतोय, म्हणजे तक्रार मानेच्या वर आहे, तर हळू सुरुवात करा, दहा मिनिटांत बरं वाटलं तर पुढे चला. छातीत खोकला, अंगदुखी, जुलाब, ताप असेल तर घरी. पुढे १९९८ साली तिकडच्याच बॉल स्टेट विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पन्नास विद्यार्थ्यांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला. चौतीस जणांना दिवसाआड चाळीस मिनिटं व्यायाम, सोळा जणांना आराम. मग त्यांनी नाकं शिंकरलेले कागदी रुमाल रोज गोळा करून त्यांचं वजन केलं. (हशा) हसू नका, विज्ञान असंच पुढे जातं. दोन्ही गटांची सर्दी सारखीच टिकली, सारखीच त्रासदायक होती. साध्या सर्दीत चालायला जाणाऱ्यांनी निर्धास्त जावं.

पण माझं भांडण या मानेशी आहे. हा नियम सर्दीच्या देशात जन्मला. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात जो माणूस 'डोकं दुखतंय, डोळ्यांच्या मागे ठणकतंय' म्हणत येतो, त्याची तक्रार मानेच्या वरच असते आणि निघतो डेंग्यू! त्यातही गंमत अशी, गंमत कसली, की डेंग्यूत धोका ताप उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, माणसाला वाटतं सुटलो, आणि नेमके तेच एक-दोन दिवस सांभाळायचे असतात. आपल्या घाटातली मॅरेथॉन ऐन पावसाळ्यात. महिनाभर सराव केलेला पोरगा ताप उतरलेल्या दिवशी बूट घालून दारात उभा. त्याला मान काय सांगणार?

म्हणून नाडी. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, पूर्ण एक मिनिट. बरे असताना आठवडाभर मोजून आपला नेहमीचा आकडा काढून ठेवायचा. ताप एक अंश सेल्सिअस चढला की नाडी साधारण दहानं वाढते, हे जुनं गणित आहे. माझा नियम त्यावरच बेतलेला. नेहमीपेक्षा दहा जास्त, तर त्या दिवशी खाडा. हा दहाचा आकडा माझा आहे, पुस्तकातला नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

आता सगळ्यांनी डावा हात पुढे करा. तळवा वर. अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्यानं मोजू नका, त्याला स्वतःचे ठोके असतात. वहिनी, बांगड्या जरा वर सरकवा. मी घड्याळ बघतो... सुरू.

(एक मिनिट शांतता. मध्ये एका मोबाईलवर आरती वाजते. हशा.)

त्या आरतीनं सगळ्या सभागृहाचे चार-चार ठोके वाढवले. असो.

काय म्हणता, डॉक्टर? टायफॉइड? आमचे हे मित्र माझ्या प्रत्येक भाषणाला येतात ते याचसाठी. (हशा) खरं आहे. टायफॉइडमध्ये ताप चढतो, पण नाडी त्या मानानं संथ राहते. मान्य. डेंग्यूतही कधी तसं होतं. म्हणून नाडी ठीक आली तरी ताप असेल तर व्यायाम नाही, आणि ताप आत्ताच उतरला असेल तरी नाही. मी थर्मामीटर फेकून द्या म्हटलेलं नाही. आणि पॅरासिटामॉल घेऊन मोजलेला ताप धरायचा नाही, नाडीही नाही. गोळी दोघांनाही खाली ओढते.

हे इतकं सोपं असूनही लोक ऐकत का नाहीत? खाड्याच्या भीतीनं. आमचे अण्णा शाळेत पी.टी. शिकवायचे. रोज पंचवीस सूर्यनमस्कार. ते झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेन्सिलीनं फुली. त्याच कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे मांडायची. म्हणजे एका चौकोनात आईचा खाडा, दुधाचा, आणि अण्णांची फुली, नमस्कारांची. महिनाअखेरीस आई गवळ्याशी हिशेब करायची आणि अण्णा स्वतःशी. एका पावसाळ्यात अण्णांना सणकून ताप भरला. तरी पहाटे सतरंजी अंथरली. चौथ्या नमस्काराला उठले ते भिंत धरूनच उभे राहिले. आई चुलीपाशी होती. ती आली, उलट्या हातानं कपाळ पाहिलं आणि म्हणाली, "अहो, पडा तुम्ही. फुली मी करते."

अण्णा मास्तर माणूस. "खोटी फुली?"

"खोटी कशाला? तुमच्या वाटचे नमस्कार मी घालते देवाला."

आणि घातले हो! नऊवारीत, देवघरासमोर, पंचवीस. पाच दिवस. (टाळ्या) तिची पेन्सिल निळी होती. ते कॅलेंडर माझ्याकडे आहे. सगळा महिना लाल आणि मध्ये पाच निळ्या फुल्या. अण्णांनी त्या खोडल्या नाहीत आणि त्यांच्याविषयी अवाक्षरही काढलं नाही. पुढे...

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. मला वाटलं होतं पंधरा उरलीत.

मग भराभर सांगतो. कॅलेंडरची जागा आता मनगटावरच्या घड्याळानं घेतलीय. एक तरुण अंगात ताप असताना खोलीतल्या खोलीत दहा हजार पावलं पुरी करून माझ्याकडे आला. त्याच घड्याळात त्याची नाडी होती, ती त्यानं पाहिलीच नव्हती.

विषाणूचा ताप कधीकधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो. १९७० साली कॉक्सॅकी विषाणू दिलेल्या उंदरांना पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयाची हानी आराम केलेल्यांपेक्षा फार वाढली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, ठीक आहे. पण स्वीडनमध्ये नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावण्याचा खेळ आहे. १९७९ ते १९९२ या काळात तिथले सोळा तरुण धावपटू अचानक दगावले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हृदयाच्या स्नायूत दाह सापडला. मग काही महिने स्पर्धा थांबवल्या, आणि आजारपणात सराव करू नका असं खेळाडूंना बजावलं. तेव्हा तापानंतर छातीत दुखलं, धडधडलं, अजिंक्यताऱ्याच्या नेहमीच्या चढाला दम लागला, तर आधी ईसीजी. पोराची मॅरेथॉन पुढच्या वर्षीही असते.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या राहिल्या. प्राणायामाबद्दल तिघांनी विचारलंय. तापात कपालभाती नको, संथ श्वास चालेल.

अध्यक्षमहाराज, एकच वाक्य, मग बसतो. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांनी माझा दहाचा नियम वापरू नये, त्या गोळ्या नाडी दाबून ठेवतात. अशा सगळ्यांनी जाताना मला भेटा. मी चहाच्या टेबलापाशी उभा आहे.