टाउपो सरोवराचा हिशेब

शाळेंत गणित शिकवितांना मी सांगत असें, “कर्जाची नोंद न ठेवणारा नातवाला बुडवितो.” न्यूझीलंडमधील टाउपो सरोवराची कथा अशीच आहे.

६०० चौरस किलोमीटरांहून विस्तीर्ण अशा या निर्मळ सरोवराभोवतीं गुरांचीं कुरणें वाढलीं. गुरांच्या मूत्रांतील नत्र जमिनींत झिरपून भूजलावाटें सरोवरास मिळतें आणि पाण्यांत शेवाळ माजतें. या प्रवासास कित्येक ठिकाणीं अनेक दशकें लागतात. म्हणजे आजोबांचें कर्ज खरोखरच नातवाच्या माथीं!

म्हणून वायकाटो प्रादेशिक परिषदेनें २०११ सालीं अमलांत आलेल्या नियमांनीं प्रत्येक शेताची नत्रमर्यादा ठरविली. गुरें पाळण्यास परवाना, त्याच्या नोंदींची तपासणी, आणि अधिक नत्र सोडावयाचें तर दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणें, अशी ही व्यवस्था. सार्वजनिक निधींतून सुमारें २० टक्के भार कमी करण्यांत आला.

परंतु वांटणी २००१ ते २००५ मधील वापरावरून झाली. ज्यानें अधिक नत्र सोडलें त्यास अधिक हिस्सा. ज्या माओरी मालकांनीं भूमि वनाखालीं राखली त्यांस अल्प. हें न्याय्य नव्हे. तथापि वही उघडी होती, म्हणूनच हा अन्याय दिसला. न मांडलेल्या हिशेबांत तोहि लपला असता.