जुन्या स्कूटरचं नवं किती करावं?



संयोजकांनी दहाच मिनिटं दिली आहेत. त्यामुळे राजकारण, गुडघे आणि मुलांची पॅकेजेस हे विषय जेवणाच्या पंगतीसाठी ठेवतो आणि एका स्कूटरबद्दल बोलतो. १९७४ ची बजाज चेतक, आमच्या बाबांची. किक मारण्याआधी ते तिला एका बाजूला झुकवायचे, तेव्हा आपल्यातले किती तरी जण शाळेच्या फाटकाशी हसत उभे असायचे.

बाबा गेल्यावर ती अकोल्याच्या घरी सहा वर्षं ताडपत्रीखाली होती. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला काढली आणि घरात तीन पक्ष झाले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पुरी खोलतो, पत्रा घासून रंग मारतो. नवरीसारखी दिसन!" पुण्याचा धाकटा भाऊ त्याच्या बाजूने. आई म्हणाली, "रंग नको लावू रे बाबू. तुह्या बाबाचा हात लागला हाये त्याले." माझं म्हणणं होतं, गाडी रस्त्यावर चालली पाहिजे. तिघांचंही खरं होतं. थांबायचं कुठे, एवढंच ठरत नव्हतं.

वऱ्हाडात हा प्रश्न नवा नाही. आपली शकुंतला आठवा. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिला ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन लागलं. इंजिन बदललं म्हणून तिला कोणी दुसरं नाव दिलं नाही. अचलपूर, मूर्तिजापूर, यवतमाळची माणसं नेण्याचं काम तेच होतं. आता गाडी बंद आहे. कोणी ब्रॉडगेज मागतं, कोणी आहे त्या रूपात वारसा जपा म्हणतं. ७६२ मिलिमीटरचा मार्ग १६७६ चा केला तर सोय नक्की होईल, पण तिला शकुंतला म्हणायचं का, हे प्रत्येकाने ठरवावं. तिसरी वाट नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयाची. तिथे छोट्या गाडीची इंजिनं छान जपली आहेत. पाहायला जरूर जा.

मी स्कूटरच्या कामाचे तीन भाग केले.

पहिला भाग जिवाचा. ब्रेकचे लायनर, टायर-ट्यूब, केबल, वायरिंग, दिवे हे सगळं नवं, त्यात भावनेला जागा नाही. बाबा जायचे तो अमरावती-अकोला रस्ता बैलबंड्यांचा आणि एसटीचा होता. त्याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. आता तिथे मागून येणारा ट्रक तुमची गाडी वारसा आहे की भंगार, हे विचारत नाही.

दुसरा भाग हाडांचा. चेतकला वेगळी फ्रेम नसते, पत्र्याची बॉडी हीच तिची फ्रेम. पाय ठेवायच्या जागी पत्रा गंजून चाळणी झाला होता. पुट्टी भरून वरून रंग मारला असता तर दिसायला ठीक, पण ताकद शून्य. म्हणून कुजला तेवढाच पत्रा कापून नवा वेल्ड केला. इंजिनला बोअरिंग, नवं पिस्टन, रिंगा, ऑइल सील. बाहेरचं आवरण जुनंच. मिस्त्रीला एक सक्त सांगितलं, चेसिस आणि इंजिन नंबरावर ग्राइंडर नको. तो नंबर पुसला गेला तर कागदपत्रांना अर्थ राहत नाही.

तिसरा भाग रूपाचा, आणि इथे मी थांबलो. मूळ रंग धुतला, पॉलिश केला, गंज होता तेवढ्या जागी रोखला. मूर्तिजापूरच्या फाटकापाशी बैलबंडी घासून डाव्या डिकीला पोचा पडला होता, तो तसाच आहे. नवा रंग मला पुढच्या वर्षीही देता येईल. १९७४ चा रंग एकदा घासला की कोणत्याच दुकानात मिळणार नाही. काढलेले जुने भागही चिठ्ठ्या लावून ट्रंकेत ठेवले आहेत. उद्या माझ्या मुलीला माझा निर्णय पटला नाही, तर तिला मागे जाता यावं.

कायद्याचंही थोडं सांगतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण मग ती रॅली, प्रदर्शन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मला भाजी आणायला जायचं आहे, म्हणून मी जुनीच नोंदणी चालू ठेवली.

भाऊ अजून म्हणतो, "एवढा खर्च करून जुनीच दिसते." तो चूक नाही. जुन्या रंगाखाली गंज परत येतो, दर पावसाळ्यानंतर तपासावं लागतं. ही किंमत मान्य असेल तरच या वाटेने जा. आई मात्र त्या दिवशी मागे बसून राजेश्वर मंदिरापर्यंत आली आणि उतरल्यावर एवढंच म्हणाली, "आवाज तोच हाये."

तुमच्याही घरी वडिलांची राजदूत, लुना नाहीतर अ‍ॅटलास सायकल असेल. मिस्त्रीकडे नेण्याआधी घरच्यांना एक प्रश्न विचारा: यातलं काय गेलं तर ही आपली वाटणार नाही? ती यादी मिस्त्रीच्या हातात द्या. बाकीचं त्याला खुशाल बदलू द्या.